हातभर अंतर

आपल्या मराठी भाषेने एका बाबतीत मोठी काटकसर केली आहे. आभाळातून कोसळते तिलाही आपण वीज म्हणतो आणि घरात दिवा लावते, पंखा फिरवते, गाणे ऐकवते तिलाही वीजच म्हणतो. 'वीज पडली' आणि 'वीज गेली' या दोन वाक्यांचा कर्ता एकच आहे, असे एखाद्या परक्याला वाटावे. शास्त्रदृष्ट्या त्यात चूक काहीच नाही. दोघींचे कूळ एकच. एक रानातली आणि दुसरी माणसाळलेली, एवढाच काय तो फरक. पण वाघीण आणि मांजर एका कुळातल्या म्हणून कोणी त्यांची भेट घडवून आणीत नाही. माझ्या घरी मात्र एका रात्री ही भेट घडली, आणि ती माझ्याच आळसामुळे घडली. त्या भेटीत माझे काय गेले, ते कसे गेले आणि ते वाचवणे किती सोपे होते, हे आज आपल्याला सांगणार आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी लखनौला राहतो. शहराच्या उत्तरेला अलीगंजच्या शेजारी विकास नगर नावाची वसाहत आहे. तेथे माझे बिऱ्हाड आहे. मराठी माणसाला, विशेषतः गाण्याचा नाद असलेल्या मराठी माणसाला, लखनौ परके वाटू नये, याची तजवीज पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने येथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी अनेक वर्षे ते सांभाळले, आणि आज ती संस्था भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. आकाशवाणीचे येथील केंद्रही जुने. ते २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झाले. अशा गावी बदली झाल्यावर ऐकण्याचा छंद वाढला नाही तरच नवल. एक अँप्लिफायर, दोन उंच ध्वनिक्षेपक, एक जुना टेपरेकॉर्डर आणि या सर्वांना जोडलेला संगणक, असा संसार मी बैठकीच्या एका भिंतीशी मांडला होता. दूरदर्शन संचाचा आवाजही मोठा आणि गोड यावा म्हणून गच्चीवरच्या डिशची तार ज्या पेटीत येते, ती पेटीही अँप्लिफायरला जोडून दिली होती. त्या वेळी मला ते मोठे चातुर्याचे काम वाटले होते.

या खटाटोपामागे एक घरगुती कारण होते. माझ्या वडिलांनी १९८८ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. त्यांच्या सात फिती माझ्याकडे आल्या होत्या. फिती झिजतात, त्यांना बुरशी येते. म्हणून रोज रात्री थोडे थोडे ऐकून मी त्यांच्या प्रती संगणकात उतरवीत होतो. सहावी फीत सर्वांत वाईट अवस्थेत होती. ती एकदाच नीट वाजली, तिची प्रत निघाली, आणि उलट गुंडाळताना ती यंत्रात गुंतून जागोजाग तुटली. प्रत हाती होती म्हणून मी हळहळलो नाही. त्या फितीवर आजीने माझ्या वडिलांच्या नावाने गायलेल्या ओव्या होत्या.

ज्येष्ठातले मंगळवार लखनौत 'बड़ा मंगल' म्हणून साजरे होतात. अलीगंजच्या हनुमान मंदिरापासून थेट गल्लीबोळांपर्यंत मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून पुरी-भाजी व सरबत दिले जाते. अशाच एका मंगळवारी रात्री आम्ही घरी परतलो तेव्हा पश्चिमेकडे आभाळ लालसर झाले होते. इकडे उन्हाळ्यात धुळीची आंधी येते. तिच्या पाठोपाठ ढग, गडगडाट आणि टपोऱ्या थेंबांचा पाऊस. आपल्याकडच्या वळवाचीच ही थोरली बहीण. पत्नी म्हणाली, "तुमच्या त्या यंत्रांच्या तारा काढून ठेवा हो." मी उठलो, भिंतीवरचे बटण बंद केले आणि म्हणालो, "झाले." दिवसभराच्या कार्यालयीन कामानंतर भिंतीशी वाकून, धुळीत हात घालून पाच प्लग उपसायचे मला जिवावर आले होते.

दहा-पंधरा मिनिटांनी मागच्या उद्यानातील एका झाडावर वीज कोसळली. उजेड आणि आवाज यांत अंतरच नव्हते. बैठकीत एक चटका उडाल्यासारखा आवाज झाला आणि जळालेल्या लाखेसारखा वास आला. सकाळी पाहतो तो डिशची पेटी, अँप्लिफायर, टेपरेकॉर्डर आणि संगणक, चौघेही गतप्राण. संगणकातील माहितीची तबकडी मी दोन जाणकारांना दाखवली. तिच्यातून काही परत मिळाले नाही. इतर सहा फिती कपाटात सुखरूप होत्या, कारण त्यांना कोणतीच तार जोडलेली नव्हती. सहावी मात्र कायमची गेली. त्या रात्री घरात बोलता राहिला तो एकटा स्वयंपाकघरातला ट्रान्झिस्टर. तोही बिचारा दोन सेलांवर जगणारा, भिंतीशी काडीचा संबंध नसलेला.

अमीनाबादच्या एका गल्लीत एक वृद्ध कारागीर अशा यंत्रांची दुरुस्ती करतात. त्यांनी माझा अँप्लिफायर उघडला, भिंग लावून बराच वेळ पाहिला आणि लखनवी अदबीने विचारले, "हुज़ूर, इसके पीछे छत की तार भी लगी थी क्या?" मी होय म्हटले. त्यांनी दोन जागा दाखवल्या. एक काळा डाग मुख्य वीज आत येते तेथे होता, दुसरा डिशच्या पेटीकडून आवाज आत येतो तेथे. आणि दोहोंमधली वाट करपली होती. "बिजली आपके घर रहने नहीं आई थी," ते म्हणाले, "एक दरवाज़े से आई, दूसरे से निकल गई." चार वाक्यांच्या आत त्या गृहस्थांनी मला जे शिकवले, ते मी नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिले आणि ते अक्षरशः खरे निघाले.

आपल्याकडे पायाळू माणसाविषयी एक समजूत आहे. जन्मताना जो पायांकडून बाहेर येतो तो पायाळू, आणि वीज नेमकी त्याच्यावर पडते, असे जुनी माणसे म्हणत. आमच्या आळीत असा एक मुलगा होता. पहिला गडगडाट झाला की आजी त्याला हाक मारून घरात घेई. माणसांच्या बाबतीत या समजुतीला कोणताही आधार नाही. यंत्रे मात्र खरोखर पायाळू असतात. ज्या यंत्राचा एक पाय भिंतीतल्या विजेत आणि दुसरा पाय गच्चीवरच्या, खांबावरच्या किंवा टेलिफोनच्या तारेत असतो, तेच यंत्र विजेला हमखास सापडते. तारेवर बसलेली चिमणी सुखाने बसून राहते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. पंखाने शेजारची दुसरी तार शिवली की तिचा अंत होतो. इजा होते ती दोन ठिकाणांच्या दाबांतील फरकामुळे, आणि तो फरक ज्याच्या अंगातून भरून निघतो त्याचे भस्म होते.

आता हा फरक केवढा असतो ते पाहा. विजेच्या एका सामान्य झोतात सुमारे तीस हजार अँपिअर इतका प्रवाह असतो. घरातल्या साध्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. त्या झोताच्या वाटेतली हवा क्षणमात्र सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ही वीज आपल्या घरावरच पडली पाहिजे असे नाही. शंभर-दोनशे पावलांवर पडली तरी आसपासच्या प्रत्येक लांब तारेत ती आपला प्रतिध्वनी उमटवते, आणि खांबांवरच्या तारांमधून हजारो व्होल्टांची लाट घराकडे धावत येते. शिवाय जेथे ती जमिनीत शिरते, तेथील मातीचाच दाब क्षणभर उंचावतो. मग गच्चीवरच्या डिशची जमीन निराळी आणि भिंतीतल्या विजेची जमीन निराळी असली, तर त्या दोन जमिनींमध्ये हजारो व्होल्टांचे भांडण लागते, आणि ते मिटवण्यासाठी आपला अँप्लिफायर बळी पडतो.

माझ्या बटणाने काय केले, असे आपण विचाराल. काही केले नाही. भिंतीवरचे बटण तीन तारांपैकी एकच तोडते. दुसरी आणि अर्थिंगची तार जोडलेलीच राहतात. आणि जी एक तोडते तिच्यातही अंतर पडते ते अवघे काही मिलिमीटरांचे. कोरड्या हवेचा एक सेंटिमीटर थर ओलांडायला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात, हे खरे. पण जी मैलभर हवा फाडून खाली आली आहे, तिला बटणातल्या फटीचे कसले भय? फ्यूजचीही तीच कथा. फ्यूजची तार वितळायला जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी, सेकंदाच्या काही दशलक्षांशांत, लाट पुढे निघून गेलेली असते. इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर यांच्याविषयीही असाच भाबडा विश्वास असतो. नेहमीचा घरगुती इन्व्हर्टर मुख्य वीज असताना तिला सरळ आत जाऊ देतो. तो पहारेकरी नव्हे. आणि सर्वांत फसवा भ्रम तो 'वीज गेली, आता धोका गेला' हा. घरातली वीज गेली तरी तिची वाट, म्हणजे तार, जागच्या जागी असते, आणि आभाळातल्या विजेला तेवढीच वाट पुरते.

हा सगळा प्रकार मी वडिलांना फोनवर सांगितला. सहाव्या फितीचे सांगताना माझा आवाज थोडा अडखळला. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा छपरावर एरियलची लांब तार होती. ती खिडकीशी एका खटक्याला आणलेली. पाऊस दिसला की तुझे आजोबा तो खटका खाली पाडीत; एरियल रेडिओपासून तुटे आणि जमिनीला जोडले जाई. मग बातम्या असोत की कीर्तन असो!" माझ्या लक्षात आले की ज्या पिढीला आपण यंत्रांच्या बाबतीत अडाणी समजतो, तिला आपल्या यंत्राचा पाय कोठे आहे हे पक्के ठाऊक होते. आपली यंत्रे चतुर झाली, त्यांच्या तारा भिंतींत लपल्या, आणि आपण ते विसरलो.

रेडिओचे आणि विजेचे नाते तर जन्माचे आहे. १८९५ साली रशियात अलेक्सांद्र पोपोव्ह यांनी जे ग्राहक यंत्र दाखवले, ते दूरवर चमकणाऱ्या विजेची चाहूल घेत असे. आजही मध्यम लहरींवरचा साधा ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावून ठेवा. वादळ डोळ्यांना दिसण्यापूर्वीच त्यात तुटक तुटक खरखर सुरू होते. प्रत्येक खरखर म्हणजे कोठेतरी चमकलेली एक वीज. ऐकताना ज्या आवाजावर आपण वैतागतो, तो खरे पाहता आपल्याला दिलेला इशारा असतो.

विजेला घरात आणून अर्ध्या वाटेवर सोडले तर काय होते, याचे एक दारुण उदाहरण इतिहासात आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या १७५२ सालच्या प्रयोगांची वार्ता युरोपभर पसरली होती. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमन या शास्त्रज्ञाने छतावरच्या सळईची तार घरातल्या आपल्या मोजयंत्रापर्यंत आणली. विजेचे माप घ्यायचे म्हणून ती त्याने जमिनीला जोडली नव्हती. वादळात माप पाहण्यासाठी तो यंत्राशी वाकला, आणि सळईतून निघालेला झोत त्याच्या कपाळावर आदळून तो जागीच मरण पावला. विजेला जमीन हवी असते. आपण ती दिली नाही, तर ती आपल्यातून शोधते.

संगीताचे शौकीन नकळत अशीच एक चूक करतात. दोन-तीन यंत्रे जोडली की ध्वनिक्षेपकातून एक मंद, घुमणारा 'हूं' ऐकू येतो. अर्थिंग दोन वाटांनी मिळाल्याने तो उपजतो. मग कोणी सुचवतो, की प्लगचा मोठा, तिसरा पाय काढून टाका, घुमणे थांबते. दुसरा कोणी सांगतो, की गाण्याच्या यंत्रांसाठी अंगणात वेगळी सळई ठोका. कृपा करून यांपैकी काही करू नका. पहिल्या उपायाने यंत्राचा धातूचा सांगाडा कधीतरी हाताला धक्का देईल. दुसऱ्याने घरात दोन जमिनी होतील, आणि त्यांचे भांडण किती महाग पडते ते आपण आत्ताच पाहिले. घरात सर्व तारा शक्यतो एकाच बाजूने याव्यात, आणि डिश, टेलिफोन, मुख्य वीज या सर्वांचे अर्थिंग एकाच ठिकाणी, आखूड व सरळ तारेने जोडलेले असावे. भाऊ वेगळे राहिले तरी चालतील. जमीन एकत्र हवी.

घुमण्यावरचा योग्य उपाय वेगळा आहे. दोन यंत्रांच्या मधल्या आवाजाच्या तारेत एक छोटे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घालायचे. त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी एकमेकांना न शिवता बसवलेली असतात; एकातले चुंबकत्व दुसऱ्यात आवाज जागवते, पण धातूची वाट मध्येच तुटलेली असते. मुख्य विजेसाठीही असे मोठे रोहित्र मिळते. ते कामाचे आहे, परंतु त्याच्या आवरणाची सहनशक्ती काही हजार व्होल्टांची. जवळ पडलेल्या विजेपुढे ते हात टेकते. लाट अडवणारी साधनेही बाजारात आहेत. त्यांत झिंक ऑक्साइडचा एक तुकडा असतो. दाब वाढला की तो धरणाच्या दरवाजासारखा उघडतो आणि लोंढा अर्थिंगकडे वळवतो. अट एवढीच, की अर्थिंग खरे असावे, आणि प्रत्येक लोंढ्याबरोबर तो तुकडा थोडा थोडा झिजतो हे विसरू नये. सर्वांत निर्मळ तोड प्रकाशाची. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून आवाज प्रकाशरूपाने जातो, आणि काचेतून वीज वाहत नाही. दूरदर्शन संच आणि अँप्लिफायर अशा तंतूने जोडला, तर यंत्राचा एक पाय आपोआप उचलला जातो. मी तो आता जोडला आहे.

आणि तरीही या सर्व साधनांहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय एकच आहे: हवा. प्लग भिंतीतून बाहेर काढा, डिशची किंवा केबलची तार यंत्रापासून सोडवा, आणि दोन्ही टोके हातभर दूर ठेवा. तार काढून यंत्राच्या पाठीशीच लोंबत ठेवली, तर ती काढल्यासारखी नव्हे. जे जोडलेलेच नाही, त्याला वीज मागत नाही.

हे करायचे ते मात्र वादळ येण्यापूर्वी. डोक्यावर गडगडाट सुरू असताना तारांना हात लावणे म्हणजे यंत्राऐवजी स्वतःच पायाळू होणे. त्यासाठी जुना हिशेब पुरेसा आहे. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वादळ दहा किलोमीटरांच्या आत आले. मग तारांना, नळांना शिवू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वाट पाहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाची सूचनासेवा तयार केली आहे. भ्रमणध्वनीवर ती जवळपासच्या विजेची खबर देते.

हाच हिशेब यंत्रांहून फार मोलाच्या गोष्टीला लागू आहे. ११ जुलै २०२१ या एका दिवशी जयपूरजवळच्या आमेर येथे मनोऱ्यावर गेलेली अकरा माणसे विजेने दगावली, आणि त्याच दिवशी उत्तर प्रदेशात चाळीसच्या आसपास माणसे मेली. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक लोक प्राणास मुकतात. त्यांत शेतात राबणारे आणि झाडाखाली आसरा घेणारेच फार. माझा अँप्लिफायर पुन्हा विकत घेता आला. म्हणून आपल्या घरची मुले जेव्हा प्लग काढताना सेकंद मोजतील, तेव्हा त्यांना हेही सांगावे, की हे मोजणे उघड्यावर असताना अधिक कामाचे आहे.

उरलेल्या सहा फितींच्या प्रती मी पुन्हा काढल्या. त्यांचा एक संच कपाटात असतो, दुसरा गावी वडिलांकडे. कोणताही तारेला जोडलेला नाही. सहाव्या फितीविषयी वडील नंतर काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

परवा संध्याकाळी तिसरी फीत लावली होती. आजीचा आवाज भरात आला होता, आणि खिडकीबाहेर दूरवर एकदा चमकले. मी मोजू लागलो. पन्नास झाले तरी गडगडाट आला नव्हता. अजून वेळ होता. मी ओवी अर्ध्यावर थांबवली, वाकून पाचही प्लग काढले, गच्चीची तार सोडवून हातभर दूर नेली आणि हात झटकून अंधारात बसलो. आजीला मध्येच थांबवल्याचे वाईट वाटले. पण ती रागावली नसती. आभाळ वाजू लागले की तीही ओवी अर्धीच टाकून दारात येई, आणि आळीतल्या त्या पायाळू पोराला हाक मारून घरात घेई.